ऊसतोड कामगारांचा अभ्यास: कोणते प्रतिमान निवडावे?

बीड जिल्ह्यातील ऊसतोड कामगारांच्या स्थलांतरावर गुणात्मक संशोधन करू पाहणारे विद्यार्थी बहुधा आधी मुलाखती घेतात आणि प्रतिमानाचा, म्हणजे ज्ञान कशाला मानायचे आणि ते कसे मिळवायचे याविषयीच्या मूळ भूमिकेचा, विचार प्रबंधाचे पद्धतिशास्त्राचे प्रकरण लिहायला बसल्यावर करतात. हा क्रम मला चुकीचा वाटतो, कारण मुलाखतीत काय विचारायचे आणि काय ऐकायचे, हे प्रतिमानावरच ठरते.

'उचल' हा एकच शब्द घ्या. हंगामापूर्वी मुकादम नवरा-बायकोच्या जोडीला, म्हणजे एका 'कोयत्या'ला, जी आगाऊ रक्कम देतो ती उचल. उत्तर-प्रत्यक्षार्थवादी, म्हणजे शक्य तितकी वस्तुनिष्ठता शोधणारा, अभ्यासक पाहील, की ही रक्कम मजुरीत मोडते की कर्जात, आणि दोघांनी स्वतंत्रपणे कोडिंग केले, म्हणजे मुलाखतीतील मजकुराला ठरावीक वर्गांची लेबले लावली, तर एकमत होते का. अनेक तालुक्यांत अनेक जण माहिती गोळा करणार असतील, तर ही शिस्त हवीच. अन्वयार्थवादी, म्हणजे लोक आपल्या अनुभवाला काय अर्थ देतात ते शोधणारा, अभ्यासक जोडीतल्या बाईच्या बोलण्यात उचल कशाकशाशी जोडली जाते, याकडे लक्ष देतो. 'उचल फिटली नाही' असे ती म्हणते, तेव्हा पुढचा हंगामही त्यात आधीच बांधला गेलेला असतो. कर्जाच्या रकान्यात हा अर्थ मावत नाही. सत्तासंबंध तपासणारे चिकित्सक प्रतिमान त्याही पुढे जाऊन विचारते, की हिशेबाची वही कोणाच्या हातात आहे, आणि जोडीने तोडलेल्या उसाची मजुरी मोजताना बाईचे काम वेगळे का धरले जात नाही.

पहिल्यांदाच संशोधन करणाऱ्याने अन्वयार्थवादी मार्ग घ्यावा, असे मी सुचवेन. चिकित्सक मार्ग मला अधिक मोलाचा वाटतो, पण कामगारांशी जुना संबंध नसेल तर तो निव्वळ घोषणा होऊन बसतो.

इतरांचे अभ्यास तपासतानाही हाच फरक सांभाळावा लागतो. अन्वयार्थवादी अभ्यासात कोडिंगमधील एकमताची टक्केवारी नाही म्हणून तो कच्चा ठरवणे अन्यायाचे आहे. पद्धतिशास्त्राचे अभ्यासक लिंकन आणि गुबा यांनी १९८५ मध्ये मांडलेले विश्वासार्हता (निष्कर्ष सहभागींच्या अनुभवाशी जुळणे), स्थानांतरणक्षमता (ते दुसऱ्या संदर्भात लागू पडू शकणे), अवलंबनीयता (संशोधनाची प्रक्रिया सुसंगत आणि तपासता येण्याजोगी असणे) आणि पुष्टिक्षमता (निष्कर्ष संशोधकाच्या कलातून नव्हे, तर माहितीतून आलेले असणे) हे निकष तिथे लागू पडतात. चिकित्सक अभ्यासाला मात्र, ज्यांच्याविषयी लिहिले त्यांच्या हाती काय आले, हेही विचारावे लागते. २००७ साली प्रसिद्ध झालेली 'कोरेक' (COREQ) ही ३२ मुद्द्यांची यादी मुलाखती आणि गटचर्चांच्या अहवालात काय नोंदवावे, एवढेच सांगते. सर्व ३२ मुद्दे नोंदवलेला अभ्यासही उथळ असू शकतो.

विश्वासार्हतेसाठी निष्कर्ष कामगारांना वाचून दाखवावेत, असे सांगितले जाते. ते कुठे आणि कोणासमोर वाचले, हे अहवालात शोधा. उसाच्या फडालगतच्या कोपीवर (कामगारांच्या तात्पुरत्या झोपडीपाशी) मुकादम शेजारी बसलेला असताना मिळालेल्या होकारापेक्षा, टोळी गावी परतल्यावर बायकांमध्ये बसून घेतलेला होकार मी कितीतरी अधिक ग्राह्य मानतो.