चकमकीच्या पिस्तुलाचं शोपीस किट, नऊ महिन्यांनंतर

मागच्या ऑक्टोबरमध्ये किट मागवलं, आता जुलै चालूय, म्हणजे सोलापूरचा उन्हाळा त्यानं काढलाय आणि मगच लिहितोय. आधीच सांगतो, हे गारगोटीच्या ठिणगीनं उडणाऱ्या जुन्या पिस्तुलाचं फक्त शोपीस, नळी आतून भरीव, कानाला, म्हणजे ठिणगी आत जायच्या जागेला, भोकच नाही. खरं चालणारं बनवायच्या भानगडीत पडू नका, परवान्याशिवाय हत्यार बनवणं शस्त्र कायदा 1959 खाली गुन्हा आहे.

दोन किट डोळ्यासमोर होती. एक जवळजवळ तयार, स्क्रू मारा की भिंतीला. दुसऱ्याचा दस्ता, म्हणजे लाकडी भाग, ओबडधोबड, खोबणी अर्धवट. मी दुसरं घेतलं आणि आजही तेच घ्या म्हणेन, कारण चाप (ठिणगी पाडणारी सगळी यंत्रणा) लाकडात बसवताना कळतं जुन्या कारागिरांनी काय डोकं लावलंय. घोड्याच्या जबड्यात चामड्यात धरलेली गारगोटी पोलादी पातीवर घासत येते, ठिणग्या पडतात आणि त्याच झटक्यात पाती पुढे उलटून खालची रंजकाची, म्हणजे पेटवायच्या बारीक दारूची, वाटी उघडी होते. एका फटक्यात दोन कामं ओ! इंग्रजांच्या ब्राउन बेस बंदुकीतही हीच रचना, 1840 च्या आसपास टोपीच्या (गारगोटीऐवजी स्फोटक भरलेल्या छोट्या टोपीवर घोडा आपटून उडणाऱ्या) बंदुका येईपर्यंत टिकली.

खोबण मात्र जीव काढते. आमच्या गल्लीतले सुतारकाका म्हणाले, "बाळा, पटाशी मारत सुटू नको, आधी काजळ लाव." समईवर वाटी धरून काजळ काढलं, थोडं तेल घालून चापाच्या पट्टीला मागून फासलं, दाबायचं, उचलायचं, लाकडावर जिथं काळा ठिपका उठेल तेवढंच खरवडायचं. चार रविवार गेले, पण शेवटी कडेला नखसुद्धा आत जाईना.

तक्रार एकच, लाकूड. विकणाऱ्यानं पूर्ण वाळलेलं म्हणून दिलं, मे महिन्यात नळीशेजारी पोस्टकार्ड सरकेल एवढी फट पडली. मेल केला, उत्तर नाही. पाऊस लागल्यावर फट कमी झालीय, गेली नाही. म्हणून तुम्ही किट आलं की दस्ता महिना दोन महिने घरात उघडा ठेवा, दर आठवड्याला किचनच्या काट्यावर वजन करा, वजन उतरायचं थांबलं की मगच पटाशी लावा. पितळेच्या चकाकीवर जाऊ नका, ती पॉलिशनं कधीही येते.

जवसाचं तेल अगदी पातळ हातानं लावा, जाड लावलं तर आठवडाभर चिकट राहतं. फट मी अजून भरलेली नाही, पुढच्या मे मध्ये परत पोस्टकार्ड घालून बघणार आणि मगच भरणार.