‘गेटिंग थिंग्ज डन’ : काही महिने वापरल्यावर काय टिकतं, काय गळतं

कामं यादीत उतरवून मार्गी लावायची पद्धत सांगणारं डेव्हिड ॲलन यांचं हे पुस्तक २००१ मध्ये आलं आणि २०१५ मध्ये सुधारून पुन्हा निघालं. घ्यायचं तर २०१५ चीच आवृत्ती घ्या, जुनीतली साधनं पाम ऑर्गनायझरच्या (स्मार्टफोनआधीच्या खिशातल्या डिजिटल डायरीच्या) काळातली आहेत. पुस्तक आवडलं म्हणणारे पुष्कळ भेटतात. वापरणारे कमी, आणि त्यांच्याकडेही बहुधा ‘दोन मिनिटांचा नियम’ (दोन मिनिटांचं काम लगेच उरकायचं) तेवढा उरलेला असतो. खरं तर या पद्धतीतला सगळ्यात किरकोळ भाग तोच.

पायऱ्या पाच आहेत. डोक्यातलं सगळं एका जागी उतरवायचं, प्रत्येक गोष्टीचं काय करायचं ते ठरवायचं, योग्य यादीत टाकायचं, याद्या नियमित तपासायच्या आणि मग कामाला लागायचं. पद्धत तरते किंवा बुडते ती दुसऱ्या पायरीवर.

समजा, यादीत लिहिलं ‘बाथरूमची गळती’. ही ओळ महिनोन्‌महिने हलणार नाही, कारण ती नुसती तक्रार आहे, काम नाही. ॲलन यांच्या हिशोबात एकाहून जास्त पावलं लागणारी कुठलीही गोष्ट म्हणजे ‘प्रोजेक्ट’. प्रोजेक्टच्या यादीत शेवट लिहायचा: ‘गळती थांबली, छताला रंग लागला’. कामांच्या यादीत मात्र फक्त पुढचं एकच पाऊल. ‘प्लंबरला बोलावणे’ हे पुढचं पाऊल वाटतं, पण पाणी वरच्या फ्लॅटमधून झिरपत असेल आणि तिथले मालक परगावी असतील, तर प्लंबर येऊन नुसता वर बघून जाईल. मग पुढचं पाऊल होतं ‘सोसायटीच्या मॅनेजरकडून वरच्या मालकांचा नंबर घेणे’. इतकं बारीक लिहायचा पहिले काही आठवडे कंटाळा येतो. पण एखादी ओळ दोन आठवडे जागची हलली नाही, तर दर वेळी आळसच कारण असतो असं नाही. बहुतेकदा तिच्या आधीचं पाऊल लिहायचं राहिलेलं असतं.

याला संशोधनाचा आधारही आहे. मासिकॅम्पो आणि बाउमाइस्टर या मानसशास्त्रज्ञांनी २०११ मध्ये दाखवलं की अर्धवट राहिलेलं काम मनात घोळत राहतं, पण ते कधी-कसं करायचं याचा नेमका बेत ठरला की काम पूर्ण न होताही ते घोळणं बरंच कमी होतं. ‘लिहून काढा, मोकळे व्हा’ एवढ्यावर थांबणारे म्हणूनच फसतात. नुसती भली मोठी यादी उलट घाबरवते.

आपल्याकडे सगळ्यात कामाची यादी म्हणजे ‘वाट पाहतोय’. पुस्तकात तिला तशी थोडकीच जागा आहे, पण इथे निम्मी कामं दुसऱ्याच्या हातात अडकलेली असतात: सुतार, सीए, तलाठी कार्यालय, शाळेचा दाखला. ओळीत तीन गोष्टी हव्यात: कोणाकडून, काय, कोणत्या तारखेला सांगितलं. अर्ज दिला असेल तर आवक क्रमांकही त्याच ओळीत. ‘मागे एकदा बोललो होतो’ आणि ‘१२ तारखेला तुम्ही कोटेशन देतो म्हणालात’ यात समोरच्याच्या आवाजात पडणारा फरक लगेच ऐकू येतो.

दोन मिनिटांच्या नियमाचं तेवढं नीट समजून घ्या. दोन मिनिटांत होणारं काम लगेच उरकावं, कारण ते यादीत नोंदवून सांभाळायला तेवढाच वेळ जातो. हे खरं, पण नियम आहे तो साठलेले कागद आणि मेल उपसतानाचा. दिवसभर, मेसेज आला की उत्तर दे, असा तो लावला तर सकाळ त्यातच संपते.

ठिकाणानुसार याद्या (ऑफिस, घर, कॉम्प्युटर) हा भाग स्मार्टफोनने निकामी केला आहे. आता सगळंच सगळीकडे करता येतं. ‘बाहेर पडल्यावर’ आणि ‘फोन करायचे’ एवढ्या दोन ठेवा, आणि ज्यांच्याशी वारंवार काम पडतं त्या प्रत्येक माणसाच्या नावाने एक यादी करा. साहेबांना दिवसातून पाचदा हाक मारण्यापेक्षा पाच मुद्दे एकदम काढणं दोघांनाही परवडतं.

पद्धत कोलमडते ती साप्ताहिक आढावा चुकल्यावर. दोन आठवडे तो झाला नाही की यादी शिळी होते, तिच्यावरचा विश्वास उडतो आणि सगळं पुन्हा डोक्यात यायला लागतं. बरेच जण आढाव्यासाठी रविवारची संध्याकाळ धरतात आणि तिथेच घोटाळा होतो. आढाव्यात चार तुंबलेल्या गोष्टी सापडतात, पण फोन उचलायला कोणी नसतं. ॲलन आठवड्याच्या शेवटच्या कामाच्या दिवशी दुपारी बसायला सांगतात, ते बरोबर आहे. राज्य सरकारची कार्यालयं २०२० पासून पाच दिवसांच्या आठवड्यावर आहेत, तेव्हा शुक्रवारी जेवणानंतर लगेच बसा. आधी मागच्या दोन आठवड्यांचं कॅलेंडर (राहिलेलं तिथेच सापडतं), मग पुढचं, मग प्रत्येक प्रोजेक्टला एक तरी पुढचं पाऊल आहे ना ते, शेवटी ‘वाट पाहतोय’. सरावाने तासाभरात होतं.

पुस्तकातली ४३ फोल्डरची फाइल (३१ दिवसांचे, १२ महिन्यांचे; कागद ज्या दिवशी लागणार त्या फोल्डरमध्ये ठेवायचा) घरासाठी अवजड आहे. रोजचा फोल्डर रोज उघडला तरच ती चालते. बारा कप्प्यांची एकॉर्डियन फाइल पुरते. नोव्हेंबरच्या कप्प्यात पेन्शनच्या हयातीच्या दाखल्याचे कागद, जून, सप्टेंबर, डिसेंबर आणि मार्चमध्ये १५ तारखेच्या अ‍ॅडव्हान्स टॅक्सची चिठ्ठी, विमा ज्या महिन्यात संपतो त्या कप्प्यात पॉलिसीची प्रत.

सुरुवातीला सगळं गोळा करायला दोन सलग दिवस द्या, हा पुस्तकातला सल्ला भरल्या घरात अवघड आहे. एक कपाट, एक बॅग, एक मेलबॉक्स असं घ्या. जुनं जे उपसायचं राहील ते एका खोक्यात भरून ‘खोकं उपसणे’ हाच प्रोजेक्ट करा.

महत्त्वाचं काम कोणतं, या प्रश्नावर पुस्तक लंगडं पडतं. काय करायचं ते ठरवताना ॲलन आधी ठिकाण, मग वेळ, मग अंगातली ताकद आणि शेवटी महत्त्व पाहायला सांगतात. प्रबंध लिहिणारा किंवा परीक्षेची तयारी करणारा या क्रमाने गेला तर दिवसभर फोनच करत बसेल. अशांनी रोजचे पहिले दोन तास कॅलेंडरवर अडवावेत आणि यादी त्यानंतरच उघडावी. रोजचा स्वयंपाक, डबे, धुणं यादीत लिहूच नका, फक्त ठरावीक दिवसांनी संपणारा गॅस, दळण असं लिहा. वेळ कमी असेल तर पुस्तकाचा दुसरा भाग आधी वाचा. पहिल्यात तेच आटोपशीर सांगितलं आहे, तिसऱ्यात पुन्हा त्याचे फायदे.