मलावीतल्या चर्चना साथ द्यायची, तर नेमकी कशात?

आफ्रिकेतल्या मलावीत काही पाठवायचं ठरलं की पहिला प्रश्न निघतो रकमेचा. खरं तर तो शेवटी यायला हवा. आधी ठरवायचं ते हे की साथ कुणाला द्यायची: एका गावच्या मंडळीला (म्हणजे तिथल्या चर्चच्या सभासदांना), मिशन रुग्णालयाला, विहिरी खणणाऱ्यांना, की शेती आणि पोषणावर काम करणाऱ्यांना. चारही कामं तिथल्या चर्चच्या आधाराने उभी राहिली, चारही चांगली आहेत. पण दिलेला पैसा प्रत्येकात वेगळ्या रीतीने खर्ची पडतो. ग्लासगोच्या, पिट्सबर्गच्या किंवा पुण्याच्या एखाद्या मंडळीत हा विषय निघाला असेल आणि तुम्ही पंच कमिटीवर असाल, तर हा आढावा तुमच्यासाठी.

आपला या देशाशी धागा जुना आहे, हे जाता जाता. १८६४ साली स्कॉटिश मिशनरी आणि प्रवासी लिव्हिंग्स्टन आपली बोट घेऊन मुंबईला आला, तेव्हा गुलामगिरीतून सोडवलेली चुमा आणि विकातानी ही आजच्या मलावीच्या भागातली मुलं त्याच्यासोबत होती. त्यांना त्याने डॉ. जॉन विल्सन यांच्या शाळेत ठेवलं. पुढे लिव्हिंग्स्टन आफ्रिकेत वारला, तेव्हा त्याचं शव किनाऱ्यापर्यंत नेणाऱ्यांत हाच चुमा होता, आणि नाशिकजवळच्या शरणपूरच्या मिशन शाळेत शिकलेला जेकब वेनराइटही. त्यानंतर १८७५-७६ मध्ये स्कॉटिश मिशनांनी मलावीत पाय रोवले. त्यातून १९२४ साली सेंट्रल आफ्रिका प्रेस्बिटेरियन चर्च उभं राहिलं, सगळे त्याला सीसीएपी म्हणतात. उत्तरेला लिव्हिंगस्टोनिया, मध्ये एनखोमा, दक्षिणेला ब्लांटायर असे त्याचे सिनड, म्हणजे प्रांतिक विभाग, आहेत. खाली जे लिहितो ते मुख्यतः याच चर्चच्या अनुभवावर. कॅथलिक डायोसिसांचं (धर्मप्रांतांचं) कामही तेवढंच मोठं आहे, पण त्यांची घडण वेगळी.

मंडळीला मंडळी जोडणं

परदेशातल्यांना सर्वांत ओढ याची असते. चर्च ऑफ स्कॉटलंडच्या कितीतरी मंडळ्या मलावीतल्या मंडळ्यांशी जोडलेल्या आहेत. अमेरिकेतली पिट्सबर्ग प्रेस्बिटरी (त्या भागातल्या मंडळ्यांचा संघ) आणि ब्लांटायर सिनड यांचं नातं १९९१ पासूनचं. एकमेकांसाठी प्रार्थना, पत्रं, काही मुलांची माध्यमिक शाळेची फी, चर्चच्या छपराला पत्रे, आणि दर काही वर्षांनी भेट.

यातलं खरं धन म्हणजे ओळख. ती टिकली की संकटात उपयोगी पडते. मार्च २०२३ मध्ये फ्रेडी चक्रीवादळाने दक्षिण मलावीत हाहाकार उडवला, तेव्हा ज्यांच्याकडे पाळकांचे फोन नंबर होते त्यांना कुणामार्फत पैसे पाठवायचे हे विचारत बसावं लागलं नाही.

पण खर्चाचा मेळ घालून पाहा. दहा जणांच्या गटाच्या विमानभाड्यात गावाच्या शाळेचं बरंच काम होतं, आणि पाहुण्यांच्या सरबराईचा भार गावावर पडतो तो वेगळाच. नातं दुतर्फा म्हणायचं, तर त्यांनीही आपल्याकडे यायला हवं. ब्रिटनचा व्हिसा मलावीच्या पाहुण्यांना नाकारला जातो, ही स्कॉटलंडमधल्या मंडळ्यांची जुनी तक्रार आहे. त्यामुळे जाणारे तेच जातात, नि यजमान कायम यजमानच राहतात. दुसरी अडचण अशी की जोडलेल्या मंडळीला छपराचे पत्रे मिळतात आणि शेजारच्या, तितक्याच गरीब मंडळीला काही नाही. सिनडला विचारल्याशिवाय थेट पाळकाच्या हाती पैसे दिले, तर त्या पाळकाची बदली झाल्यावर काय होतं ते सांगायला नको.

दहा वर्षं टिकायची तयारी असेल तरच या वाटेला जा. वर्षा-दोन वर्षांचा उत्साह असेल तर नको.

मिशन रुग्णालय

इथे फोटो कमी आणि गरज जास्त. मलावीतली चर्चची रुग्णालयं आणि दवाखाने 'चाम' या ख्रिस्ती आरोग्य संघटनेखाली येतात. ती १९६६ ची. खेड्यापाड्यांत बऱ्याच ठिकाणी तेवढाच एक दवाखाना असतो. एक्वेंडेनी, एम्बांगवेनी, एनखोमा, मुलांजे ही सीसीएपीची नावं तिथे कुणालाही माहीत.

व्यवस्था समजून घेतल्याशिवाय इथे देणगी देऊ नये. कर्मचाऱ्यांचे पगार मुख्यतः सरकार देतं. करार असलेल्या ठिकाणी बाळंतपण आणि लहान मुलांचे उपचार रुग्णाला फुकट, त्याचं बिल रुग्णालय सरकारकडे लावतं. बाकीच्या उपचारांना रुग्ण फी भरतात. सरकारी बिलं थकली की औषधांचा साठा रोडावतो, रुग्णवाहिकेचं डिझेल संपतं. म्हणजे रुग्णालयाला खरी चणचण असते ती चालू खर्चाची. देणगीदारांना मात्र नवी इमारत हवी असते, शक्यतो कोनशिलेसकट.

यंत्रांचंही तसंच. मलावीची वीज २३० व्होल्टची, आपल्यासारखीच. अमेरिकेतून आलेलं ११० व्होल्टचं यंत्र ट्रान्सफॉर्मरशिवाय लावलं तर पहिल्याच दिवशी जळतं. आणि चाललं तरी त्याचे सुटे भाग ब्लांटायर शहरात मिळत नाहीत. कंटेनर भरून जुनं सामान पाठवण्याची हौस असेल तर आधी रुग्णालयाकडून यादी मागवा, आणि यादीत नाही ते पाठवू नका.

परदेशी पाठबळ आटल्यावर रुग्णालयाचं काय होतं, हे महाराष्ट्रातल्या मिशन आवारात वाढलेल्याला समजावावं लागत नाही. म्हणून छोटी पण दरवर्षी न चुकता जाणारी रक्कम इथे मोठ्या एकरकमी देणगीपेक्षा जास्त कामाची. गरीब रुग्णांच्या फीचा निधी किंवा नर्सिंगच्या विद्यार्थ्याची फी, या दोन गोष्टींत हिशेबही सोपा राहतो.

विहिरी

यावर फार लिहायला नको. उत्तर मलावीत लिव्हिंगस्टोनिया सिनडसोबत मॅरियन मेडिकल मिशन ही अमेरिकी संस्था उथळ विहिरी बांधते. विटा, वाळू, दगड आणि खणण्याची मेहनत गावाची. सिमेंट आणि पंपाचं सामान बाहेरचं. बांधणारे गवंडी तिथलेच. पंप इतका साधा की गावातला माणूस दुरुस्त करू शकतो. खणायचं ते पावसाळ्याआधी, सप्टेंबर ते नोव्हेंबरात, पाणी सर्वांत खाली गेलेलं असताना. पावसाळ्यानंतर लगेच खणलेली विहीर ऑक्टोबरात कोरडी पडली तर नवल नाही. एकदाच देणगी द्यायची आहे आणि पुढे पाठपुरावा जमणार नाही, अशांसाठी चारांत हा पर्याय मला सर्वांत योग्य वाटतो.

शेती आणि ताटातलं अन्न

माझं मत इथे झुकतं, ते लपवत नाही.

एक्वेंडेनी रुग्णालयात कुपोषित मुलं बरी होऊन घरी जात आणि पुन्हा येत. घरी चौकशी केली तेव्हा दिसलं की १९९० च्या दशकात खतावरचं अनुदान गेलं, क्वाचा हे मलावीचं चलन घसरलं, आणि खताविना मका पिकेना. म्हणून २००० साली रुग्णालयाने 'माती, अन्न आणि निरोगी समाज' हा प्रकल्प सुरू केला. उपाय ऐकून मराठवाड्यातला शेतकरी हसेल: भुईमुगात तूर. भुईमूग काढला की पाला जाळायचा नाही, गाडायचा. पुढच्या हंगामात त्याच जमिनीत मका. कोणतं पीक कुठे चालतं, याचे प्रयोग शेतकऱ्यांनीच करून एकमेकांना सांगितले.

अडचणी पुस्तकी नव्हत्या. मका निघाल्यावर गुरं-शेळ्या मोकाट सोडायची तिथली रीत. शेतात उभी राहिलेली तूर त्यांच्या तोंडी जाई. आणि पीक आलं म्हणून ते मुलाच्या पोटात जातंच असं नाही. तान्ह्याला काय पाजायचं हे घरात 'आगोगो' म्हणजे आजी ठरवते, बहुतेक वेळा सासू. तेव्हा सुनेला व्याख्यान देऊन भागत नाही, सासूला सोबत बसवावं लागतं. प्रकल्पाने पाककृतींचे दिवस भरवले, त्यात पुरुषांनाही चुलीशी उभं केलं. मुलांची वाढ सुधारल्याचं पुढे अभ्यासातही दिसलं. आमच्याकडे जामखेडला आरोळे दांपत्याने १९७० पासून जे केलं त्याच जातकुळीचं हे काम: सुरुवात दवाखान्यातून, पण उत्तर शोधायला गावात.

तुरीचा विषय निघालाच आहे तर: मलावीची तूर भारतात येते. ऑगस्ट २०१७ मध्ये भारताने तूर आयातीवर वर्षाला दोन लाख टनांची मर्यादा घातली. त्याच वर्षी आपले शेतकरी खरेदी केंद्रांबाहेर रांगेत होते, आणि तिकडे मलावीत भाव कोसळले. २०२१ मध्ये दरवर्षी ५०,००० टनांचा पाच वर्षांचा करार झाला. तिथला भाव आपल्या धोरणावर हलतो, म्हणून प्रकल्प केवळ विकण्यासाठी तूर लावायला सांगत असेल तर सावध. घरात शिजवण्यासाठी लावायला सांगत असेल तर भरवसा ठेवायला हरकत नाही.

या वाटेची खोट एकच: दोन-तीन वर्षं दाखवायला काही नसतं. कमिटीतल्या ज्याला वार्षिक सभेत फोटो हवेत, तो कंटाळतो.

कुठलीही वाट घ्या, पण

क्वाचाकडे लक्ष ठेवा. नोव्हेंबर २०२३ मध्ये एका झटक्यात डॉलर सुमारे ११८० क्वाचांवरून १७०० वर गेला. क्वाचात आधीच बदलून बँकेत ठेवलेल्या निधीतून आयात केलेलं औषध किंवा सिमेंट तेव्हा कितीतरी कमी येऊ लागलं. हप्त्याहप्त्याने, काम होईल तसे पैसे पाठवणं त्यातल्या त्यात सुरक्षित.

पैसे सिनडच्या विकास विभागामार्फत जावेत, आणि स्त्रियांच्या संघाला विचारून. ब्लांटायरकडे त्याला एमव्हानो म्हणतात, एनखोमात चिग्विरिझानो, उत्तरेत उमन्यानो. कुठल्या घरात चूल पेटली नाही हे पाळकाआधी त्यांना कळतं.

भारतातून पाठवणाऱ्यांसाठी: व्यक्तीला रिझर्व्ह बँकेच्या उदारीकृत योजनेखाली वर्षाला अडीच लाख डॉलरपर्यंत देणगी परदेशी पाठवता येते, मात्र त्यावर प्राप्तिकरातली देणगीची सवलत मिळत नाही. मंडळीच्या ट्रस्टमधून पाठवणं हे वेगळंच प्रकरण आहे. ट्रस्टचं उत्पन्न देशाबाहेर खर्च केलं तर करमाफीला बाधा येऊ शकते. ठराव करण्याआधी सीएला विचारा, आणि तोवर दानपेटीवर मलावीचं नाव लिहू नका.