टेक्निक्स एसएल-१२०० एमके७ : जुन्या घाटाचा नवा टर्नटेबल

१९७९च्या एसएल-१२०० एमके२चाच घाट, तोच इंग्रजी एस आकाराचा टोनआर्म, म्हणजे रेकॉर्डवर सुई धरणारा दांडा. २०१९च्या या मॉडेलमध्ये रेकॉर्डची थाळी थेट फिरवणारी डायरेक्ट ड्राइव्ह मोटर मात्र नवी, कोअरलेस (लोखंडी गाभा नसलेली). बेल्ट नाही, त्यामुळे तो सैल पडून वेग बिघडण्याचा प्रश्नच नाही. कार्ट्रिज (सुई बसवलेला भाग) आणि फोनो प्रीअँप (तिचा क्षीण सिग्नल वाढवणारं यंत्र) वेगळे घ्यावे लागतात, तेव्हा बजेट तसं धरा.

ऑर्टोफॉन २एम रेड हे कार्ट्रिज लावताना आधी सुईचं झाकण काढा, अँटिस्केटिंग (आर्म आत ओढला जाऊ नये म्हणून दिलेला उलटा ताण) शून्यावर ठेवा. आर्मच्या मागचं वजन, म्हणजे काउंटरवेट, फिरवून आर्म आडवा तरंगू द्या. मग फक्त आकड्यांची रिंग शून्यावर आणा आणि रिंगसकट काउंटरवेट फिरवून सुईचा भार १.८ ग्रॅम करा. झाकण ठेवून तोललंत तर भार कमी पडतो आणि मोठ्या आवाजाच्या जागी सुई फरफरते. वेग मिनिटाला ७८ फेऱ्यांचाही आहे, पण नाट्यगीतांच्या जुन्या लाखेच्या तबकड्यांसाठी रुंद टोकाची वेगळी सुई हवीच.