ऱ्हाइनबेकची लोकरजत्रा

ऑक्टोबरात न्यूयॉर्क राज्यातल्या ऱ्हाइनबेकला मेंढ्यांची आणि लोकरीची मोठी जत्रा भरते. स्वतः विणलेला नवाकोरा स्वेटर घालून जायचं, हा तिथला रिवाज. माझ्या डाव्या बाहीचे शेवटचे टाके न्यूजर्सीहून जाताना गाडीतच बंद केले. नवरा चालवत होता म्हणून बरं. आत शिरते न शिरते तोच एका अनोळखी आजींनी माझ्या स्वेटरची कड उलटून पाहिली. धाग्याची टोकं नीट लपवलीत ना, एवढंच बघायचं होतं त्यांना! आमच्या सांगलीच्या मावशीची अगदी हीच खोड.

रंगीत लड्या सगळेच बघतात, पण कच्ची लोकर विकतात ती शेड चुकवू नका. एकेका मेंढीची अख्खी लोकर पिशवीत भरलेली. हात घातला की बोटं मेणचट आणि वास थेट गोठ्याचा. मी मोह आवरला. धुणार कुठे, बाथटबात? 100 ग्रॅमच्या तीन लड्या मात्र घेतल्याच. त्यातली निळीत रंगवलेली एक विणताना बोटं निळी करते. विकणारीनं आधी सांगायला हवं होतं.

सफरचंदाच्या सायडरचे डोनट गरम असतानाच खा. आणि जमलं तर रविवारी जा, शनिवारी पाय ठेवायला जागा नव्हती.