ब्रुसेल्स, गेंट की लिएज? बेल्जियममध्ये खाण्यासाठी मुक्काम कुठे टाकावा

पुण्या-मुंबईहून निघणाऱ्या बहुतेक युरोप टूरमध्ये बेल्जियमच्या वाट्याला पॅरिस आणि ॲमस्टरडॅमच्या मधले काही तास येतात. ग्राँ प्लास हा मुख्य चौक, शू करणाऱ्या पोराचा पुतळा, ॲटोमियम, चॉकलेटचा एखादा डबा, की बस पुढच्या देशाला. जेवण टूरवाल्यांनी ठरवलेल्या भारतीय हॉटेलात. पण तुम्ही स्वतः तिकीट काढून जाणार असाल, हाताशी तीन-चार रात्री असतील आणि खाणं-पिणं हेच मुख्य काम असेल, तर ठरवायचं एवढंच उरतं की सामान कुठे ठेवायचं.

ब्रूज मी मुद्दाम वगळतो आहे. शहर देखणं आहे, वाद नाही. पण मधल्या भागात दिवसभराच्या गर्दीवर जगणारी हॉटेलं इतकी आहेत की धड जेवण शोधण्यातच दुपार जाते. गेंटहून रेल्वेने अर्ध्या तासात तिथे पोचता येतं. बघा, कालव्याकाठी फिरा, रात्रीच्या जेवणाला परत या.

ज्यावरून शहर ठरवू नये

पहिलं म्हणजे फ्रिट, तळलेले बटाटे. ते तिन्ही शहरांत उत्तम मिळतात. बटाट्याच्या जाड कांड्या आधी बेताच्या आचेवर तळून बाजूला काढतात, निवू देतात आणि गिऱ्हाईक आलं की जास्त तापलेल्या कढईत पुन्हा सोडतात. त्यामुळे आत मऊ आणि बाहेर कुरकुरीत. कोपऱ्यावरच्या टपरीतून कागदी कोनात घ्यायचे, लाकडी छोट्या काट्याने खायचे. सॉसचे पैसे वेगळे, आणि सॉसची यादी बटाट्यांपेक्षा लांब: साधं मेयोनेज, टोमॅटो घातलेलं 'अँदलूज', तिखट म्हणवणारं 'सामुराई'. आपल्या जिभेला सामुराई तिखट लागेल अशी आशा ठेवू नका.

इथे एक गोष्ट मात्र आधीच माहीत हवी. पारंपरिक फ्रिट गुरांच्या चरबीत तळतात, आणि जुन्या टपऱ्या त्याचा अभिमान बाळगतात. वनस्पती तेल वापरणाऱ्या टपऱ्याही आहेत, पण विचारल्याशिवाय कळत नाही. फ्रेंच बोलणाऱ्या भागात (लिएजकडे) 'ब्लाँ द बफ' आणि डच बोलणाऱ्या भागात (गेंटकडे) 'ओसेविट' हे शब्द त्या चरबीसाठी ओळखीचे आहेत. ते उच्चारून प्रश्नार्थक चेहरा केला तरी काम भागतं. शाकाहारी माणसाने चीजचे क्रोकेट मागवतानाही हाच प्रश्न विचारायचा, कारण कढई बहुधा तीच असते.

दुसरं चॉकलेट. आत सारण भरलेलं प्रालीन १९१२ साली झाँ नॉयहाउस यांनी ब्रुसेल्समध्ये आणलं आणि ते ठेवायची खोकी, म्हणजे बालोतॅं, १९१५ मध्ये त्यांच्या पत्नीने बनवली. ग्राँ प्लासजवळच्या काचेच्या छताच्या गॅलरीत ते दुकान अजून आहे. पण चांगलं प्रालीन आज देशभर कुठेही मिळतं. काही सारणांत दारू असते, घरच्यांसाठी नेताना तेवढं विचारून घ्या.

ब्रुसेल्स: बिअरवाल्यांसाठी

ब्रुसेल्सची अडचण अशी की देशातलं सगळ्यात वाईट जेवण आणि सगळ्यात चांगली बिअर एकमेकांपासून फार लांब नाहीत. ग्राँ प्लासच्या मागे बुशे गल्ली आहे. बाहेर बर्फावर मांडलेले मासे, रंगीत फोटोंचे मेनू, आणि हात धरून आत ओढू पाहणारे वेटर. नियम सोपा आहे: जिथे दारात उभं राहून बोलावतात तिथे जेवू नका. याच गल्लीत १८९३ पासून चालणारं 'शे लेऑन' आहे, शिंपल्यांसाठी प्रसिद्ध. तिथे जायचं तर ठरवून जा.

शिंपले म्हणजे मूल. माणशी साधारण एक किलोचं पातेलं समोर येतं. कांदा, सेलेरी, बऱ्याचदा वाइन, आणि बाजूला फ्रिट. पहिला शिंपला काट्याने काढायचा आणि त्याचाच रिकामा शिंपला चिमट्यासारखा धरून बाकीचे उपसायचे. तिसऱ्या खात मोठा झालेल्या कोकण-गोव्याच्या माणसाला हे शिकवावं लागत नाही. शिंपले बहुतेक शेजारच्या नेदरलँड्समधल्या झीलँडचे असतात आणि हंगाम साधारण जुलैपासून हिवाळ्याच्या शेवटापर्यंतचा. मे-जूनच्या सुट्टीत जाणार असाल तर ब्रुसेल्सच्या बाजूचं हे कारण बाद.

बिअरचं कारण मात्र बारमाही आहे. बेल्जियन बिअर संस्कृतीला २०१६ मध्ये युनेस्कोच्या यादीत जागा मिळाली. त्यातली लाम्बिक ही ब्रुसेल्स आणि त्याच्या पश्चिमेच्या खेड्यांची खास बिअर. इतरत्र बिअर आंबवायला पाळलेलं यीस्ट घालतात. इथे धान्याचा उकळलेला रस रात्रभर माळ्यावरच्या उथळ, उघड्या तांब्याच्या हौदात गार होऊ देतात आणि हवेतलं यीस्ट त्यात आपोआप उतरतं. म्हणून ती फक्त थंडीच्या महिन्यांत बनवतात. उन्हाळ्यात नको ते जंतूही उतरतात. मग लाकडी पिंपांत एक ते तीन वर्षं. नव्या-जुन्या लाम्बिकचं मिश्रण बाटलीत पुन्हा फेसाळलं की झाली ग्योझ. आंबट चेरी घातली की क्रीक. दोन्ही चांगल्याच आंबट, कोरड्या. पहिल्या घोटाला तोंड वाकडं होतं आणि अर्ध्या ग्लासानंतर दुसरी बिअर गोडमिट्ट वाटायला लागते. १९०० सालापासूनचा कांतियोंचा कारखाना अँडरलेख्टमध्ये, मिडी स्टेशनपासून चालत जाण्याच्या अंतरावर आहे. तो संग्रहालय म्हणूनही पाहता येतो. केवळ त्यासाठी ब्रुसेल्सला राहणारे लोक आहेत आणि मला ते वेडे वाटत नाहीत.

बाकीच्या बिअरसाठी ब्रुसेल्सचीच गरज नाही. वेस्टमाल, वेस्टफ्लेटरेन, शिमे, ओर्वाल आणि रोशफोर या पाच ट्रॅपिस्ट, म्हणजे एका ख्रिस्ती साधुपंथाच्या, मठांच्या बिअरपैकी एकही या तीन शहरांत बनत नाही. वेस्टफ्लेटरेन सोडली तर त्या तिन्हीकडे सहज मिळतात. ओर्वाल ६.२ टक्के, शिमेची निळ्या लेबलाची ९ टक्के, 'रोशफोर १०' तर ११.३ टक्के. ग्लास लहान दिसतो म्हणून फसू नका, आणि हळूहळू पिणं हीच तिथली रीत आहे. प्रत्येक बिअरचा ग्लास ठरलेला असतो. तो धुवून येईपर्यंत वेटर थांबवून ठेवतो, यात आळस नसतो.

वॅफलचंही सांगून टाकतो. ब्रुसेल्सचं वॅफल आयताकृती, हलकं, खोल खणांचं, वर फक्त पिठीसाखर. स्ट्रॉबेरी आणि क्रीमच्या डोंगराला जगभर नाव मिळालं ते १९६४ च्या न्यूयॉर्कच्या जागतिक मेळ्यातल्या विक्रीमुळे. शू करणाऱ्या पोराच्या पुतळ्याजवळच्या दुकानांतले सजवलेले, थंड झालेले वॅफल पोटासाठी नसून फोटोसाठी असतात.

आणि तोंडाला चव हवी झाली की इक्सेल भागातलं मातोंगे गाठा. काँगो १९६० पर्यंत बेल्जियमच्या ताब्यात होता, आणि काँगोलीज लोकांची वस्ती आणि दुकानं इथे आहेत. पामच्या सॉसमधली कोंबडी, तळलेली केळी आणि खरीखुरी तिखट पिलीपिली मिरची.

गेंट: सगळ्यांना घेऊन जायचं तर

गेंटचं नाव वॉटरझोईशी जोडलेलं आहे. भाज्या, साय आणि अंड्याचा बलक घालून दाट केलेला फिका रस्सा, त्यात पूर्वी नदीचे मासे असत, आता बहुधा कोंबडी असते. मसाल्याची अपेक्षा ठेवून बसलात तर निराश व्हाल. पावसाळी दुपारी, बाहेर बोचरा वारा असताना खाल्लंत तर पुन्हा मागवाल.

दुसरा मानकरी स्टोफ्लेस, गेंटच्या बोलीत स्टोव्हराय. हे बीफ आहे. गडद बिअर आणि कांद्यात दोन-तीन तास मंद शिजवतात आणि वर मोहरीच्या सॉसने माखलेली पावाची फोड ठेवतात. पाव विरघळतो आणि रस्सा दाट होतो. मोहरी शक्यतो ग्रून्टेनमार्क्टवरच्या टीरेन्टाइन-व्हेरलेंट या दुकानातली. हा धंदा १७९० पासूनचा. नाकात झिणझिण्या आणणारी मोहरी, बरणी घरी न्यायला चांगली.

बीफ न खाणाऱ्यांचंही गेंटमध्ये अडत नाही. वॉटरझोई आहे, पापुद्र्याच्या खारीत भरलेली मलईदार कोंबडी आहे, हिरव्या पाल्यातली वाम आहे. लहान मुलं बरोबर असतील तर भाजलेली कोंबडी आणि सफरचंदाचा गोड लगदा त्यांना हमखास आवडतो.

पण गेंटचं खरं पारडं जड होतं ते शाकाहारी पाहुण्यांमुळे. २००९ मध्ये या शहराने गुरुवार हा शाकाहाराचा दिवस म्हणून जाहीर केला आणि पुढे शाळांच्या जेवणातही तो आणला. सक्ती कुणावर नाही, पण त्यामुळे हॉटेलवाल्यांना सवय झाली. 'मांस नको, मासा नको, मांसाचं पाणीही नको' हे वाक्य इथे एकदा सांगून भागतं. ब्रुसेल्समध्ये ते दोनदा सांगावं लागतं. लिएजमध्ये सांगूनही सॅलडवर बेकनचे तुकडे येऊ शकतात. बटाटा-भाजीचा कुस्करा म्हणजे स्टूम्प, वर सॉसेज न घालता मागवा. चिकोरीचे गड्डे चीज सॉसमध्ये भाजतात, पण ते हॅममध्ये गुंडाळलेले असतात, म्हणून तेही सांगून. संध्याकाळी बिअरबरोबर चीजचे चौकोनी तुकडे, मोहरी आणि सेलेरीचं मीठ ही बशी कुठल्याही कॅफेत मिळते. जैन किंवा कांदा-लसूण टाळणारे बरोबर असतील तर अँटवर्प लक्षात ठेवा. हिऱ्यांच्या धंद्यामुळे तिथे गुजराती जैनांची मोठी वस्ती आहे, विल्रेकमध्ये संगमरवरी देरासर आहे, आणि गेंटहून रेल्वेने तासाभरात पोचता येतं.

पिण्यात गेंट हलकं नाही. फ्रैदागमार्क्टवरच्या 'दुले ग्रीट'मध्ये लिटरहून मोठ्या ग्लासातली घरची बिअर मागवलीत तर एक बूट अनामत म्हणून घेतात आणि टोपलीत घालून छताला टांगतात. ग्लास परत, की बूट परत. चांगले मोजे घालून जा. लेई नदीकाठच्या 'ड्रूपेलकोट'मध्ये येनेव्हर मिळते, जुनिपरच्या फळांची दारू. चिमुकला ग्लास काठोकाठ भरतात, म्हणून पहिला घोट ग्लास न उचलता, वाकून घ्यायचा.

लिएज: मांसाहारी, आणि दुसऱ्यांदा जाणारे

लिएजमध्ये पर्यटक कमी, इंग्रजी कमी आणि ताटं मोठी. इथला पदार्थ म्हणजे बुले: डुक्कर आणि बीफच्या खिम्याचे दोन मोठे गोळे, कांदा, व्हिनेगर आणि 'सिरो द लिएज' घातलेल्या आंबटगोड सॉसमध्ये. हे सिरो म्हणजे नासपती-सफरचंदांचा रस आटवून केलेला काळपट, दाट लेप. बुले करणाऱ्या हॉटेलांना गुपचूप भेट देऊन गुण देणारी एक स्थानिक मंडळीच आहे आणि तिचं बक्षीस मिळालेली हॉटेलं ते दारावर लावतात. तेच सिरो उग्र वासाच्या एर्व चीजबरोबर पावावर लावून खा. वासाला घाबरलात तर एक चांगली गोष्ट हुकेल.

वॅफलच्या बाबतीत मात्र माझा कौल सरळ लिएजला. ब्रेडसारखं यीस्टचं, लोणीदार पीठ, त्यात साखरेचे टणक खडे. तव्यात ते खडे वितळून बाहेर करपट-गोड कवच धरतात, आतले काही तसेच दाताखाली येतात. वर काहीही घालायचं नाही. कागदात धरून, चालत, गरम खायचं. अंडं दोन्ही शहरांच्या वॅफलमध्ये असतं हे शुद्ध शाकाहाऱ्यांनी ध्यानात घ्यावं.

येनेव्हरला इथे पेके म्हणतात, आणि १५ ऑगस्टला नदीपल्याडच्या उत्रम्यूज भागाच्या जत्रेत ती वाहते. एरवी रविवारची सकाळ महत्त्वाची: म्यूज नदीच्या काठाने लांबलचक पसरलेला 'ला बात' बाजार. चीज, भाजलेल्या कोंबड्या, फुलं, कपडे, सगळं एकत्र.

सावध राहायचं ते 'फिले आमेरिकॅं' या नावापासून. नाव ऐकून स्टेक वाटतो. तो कच्च्या बीफचा खिमा असतो आणि सँडविचमध्येही भरतात. हे तिन्ही शहरांना लागू.

वेळ, पाणी, टिप

दुपारी तीन वाजता जेवायला बसण्याची आपली सवय इथे उपाशी ठेवते. स्वयंपाकघरं साधारण १२ ते २ आणि संध्याकाळी ६-७ ते साडेनऊच्या आसपास चालतात. मधल्या वेळेला टपरी किंवा कॅफे. दुपारी फळ्यावर खडूने लिहिलेला 'आजचा पदार्थ' घ्या, रात्रीपेक्षा बराच स्वस्त पडतो आणि बहुधा ताजा असतो. नळाचं पाणी फुकट येईल असं गृहीत धरू नका. बाटलीचं येतं आणि कधी कधी ते बिअरच्या बरोबरीने महाग असतं. सेवेचे पैसे बिलात धरलेले असतात. वरचे एक-दोन युरो सोडले तरी पुष्कळ. आत शिरताना नमस्कार करायचा, मगच टेबल मागायचं: लिएजमध्ये 'बोंझूर', गेंटमध्ये डच किंवा सरळ इंग्रजी. गेंटमध्ये फ्रेंचने सुरुवात करू नका, समोरचा थंड पडतो.

बरोबर कुणी शाकाहारी असेल तर गेंट, चर्चाच नको. फक्त बिअरसाठी निघाला असाल तर ब्रुसेल्स. एकट्यापुरतं निवडायचं झालं तर मीही गेंटच घेईन, कारण ओस्टेंड ते ऑइपेन ही गाडी गेंट, ब्रुसेल्स आणि लिएज या तिघांनाही एका रेषेत जोडते: ब्रुसेल्स अर्ध्या तासावर, लिएज दोन तासांच्या आत. वार जुळवता आले तर गुरुवारी गेंटला उतरा, शनिवारी कांतियों (उघडण्याच्या वेळा आधी बघून) आणि रविवारी सकाळच्या गाडीने लिएज. ला बात दुपारी दोन-अडीचला उठतो, तेव्हा शनिवारी रात्री 'रोशफोर १०' एकावरच थांबवा.