कच्च्या जेवणाचा डबा: नोव्हेंबर ते जून

आधी थेट सांगते. नागपूरच्या त्रिमूर्तीनगरातल्या एका ताईंकडून येणारा कच्च्या जेवणाचा दुपारचा डबा मी नोव्हेंबरपासून घेते आहे आणि तुम्हीही घ्या असं सांगेन. त्याच ताई तीन वेळचं ‘पूर्ण कच्चं’ पॅकेजही देतात. ते मी २१ दिवस करून पाहिलं, आणि ते कोणाला घ्या म्हणणार नाही.

माझं सिव्हिल लाइन्सला कोर्टाजवळ झेरॉक्स आणि टायपिंगचं दुकान आहे. सकाळी दहाला शटर उघडलं की सात वाजेपर्यंत खुर्ची सुटत नाही. दुपारी कोर्टाची सुट्टी झाली की गर्दी वाढते, त्यामुळे घरून नेलेली पोळीभाजी चार वाजता गार खायची आणि मधे समोसा, चहा, परत चहा, असं बारा वर्षं चाललं. मागच्या ऑक्टोबरात तीन महिन्यांच्या सरासरी साखरेची तपासणी केली, ती ६.२ आली. डॉक्टर म्हणाले, डायबिटीस नाही, पण ५.७ ते ६.४ म्हणजे उंबरठा आहे. उंबरठा हा शब्द मनात बसला. माझ्या आईचा पाय त्याच आजारात गेला.

त्याआधी एका मोठ्या शहरातल्या कंपनीचा सॅलडचा डबा पंधरा दिवस मागवून पाहिला होता. झुकिनी, लेट्यूस, कसल्या कसल्या बाटलीतल्या चटण्या. खाऊन पोट भरायचं, पण जेवण झालं असं वाटायचं नाही. म्हणून या ताईंचं नाव कोर्टातल्या एका वकील बाईंनी सांगितलं तेव्हा मी फारशी उत्सुक नव्हते.

डबा तीन कप्प्यांचा, स्टीलचा. १३० रुपये रोज, रविवार बंद, महिन्याचे २६ धरले तर ३,३८०. डब्याचं डिपॉझिट ५०० वेगळं. वरच्या कप्प्यात फळं, मधल्यात मोड आलेलं किंवा भिजवलेलं कडधान्य, खालच्यात हिरवं. सोबत छोट्या डबीत जवसाची नाहीतर तिळाची चटणी. एक वाजता येतो. सात महिन्यांत दोन वाजून गेलेत असं चारदाच झालं, आणि चारही वेळा आणणाऱ्या पोराचा आधी फोन आला, “काकू, आज अडकून राहिलो, वीस मिनिटं लागतील.” मला एवढं पुरतं.

पहिल्याच आठवड्यात एक गोष्ट घडली, आणि मी हा डबा टिकवू शकले ती तिच्यामुळेच. एका दिवशी खालच्या कप्प्यातलं निम्मं उरलं म्हणून घरी नेलं. सासूबाई काटोलकडच्या. त्यांनी कप्पा उघडला, वास घेतला आणि म्हणाल्या, “हा तं घोळाना आहे वं! वावरात हरभरा खुडता खुडता हेच खात होतो आम्ही.” कोवळी मेथी बारीक चिरलेली, कांद्याची पात, टमाटर, फल्लीदाण्याचं जाडसर कूट, तिखट, मीठ आणि वरून घाण्याचं कच्चं तेल. घोळानाच होता तो. मी दुकानात बसून त्याला सॅलड म्हणत होते. त्या संध्याकाळी सासूबाईंनी भाकरी केली आणि आम्ही दोघींनी तो उरलेला घोळाना तिच्याशी खाल्ला. कच्चं खाणं म्हणजे परक्या देशातून आलेलं काहीतरी व्रत, हा माझा समज तिथे संपला. कोशिंबीर, पचडी, चैत्रातली कैरीची डाळ, हुरड्याच्या दिवसांत वावरातून खुडून खाल्लेले हरभऱ्याचे सोले, हे सगळं आपण खातच होतो. जेवणात त्याची जागा ताटाच्या कडेला होती, ताईंनी ती मधोमध आणली.

हिवाळ्याचे डबे उत्तमच. नोव्हेंबर-डिसेंबरात आंबिया बहाराची संत्री, जरा आंबट, पण जेवणानंतर तीच बरी लागतात. मुळा, गाजर, हरभऱ्याच्या पानांचा घोळाना, आवळ्याच्या कापा मिठात घातलेल्या, बोरं. फेब्रुवारीपासून मृग बहाराची संत्री आली, ती गोड. सांभार, म्हणजे कोथिंबीर, रोजच असतो, मूठभर. फळं ताई बेताची देतात, दीड संत्रं किंवा अर्धा पेरू, आणि रस कधीच देत नाहीत. मी एकदा मागितला तर म्हणाल्या, “साखरेसाठी आल्या न तुम्ही? मग चावून खा.” बरोबरच होतं त्यांचं. रसात चोथा जातो आणि चार संत्र्यांची साखर एका दमात पोटात उतरते.

सुरुवात करणाऱ्यांना एक सांगते. पहिले दहा-बारा दिवस पोट गच्च होतं, वारा धरतो. ताईंनी आधीच सांगितलं होतं की पहिले दोन आठवडे सोबत एक पोळी ठेवा, डबा अर्धाच खा, आणि पंचवीस मिनिटांच्या आत संपवू नका. मी घाईने दहा मिनिटांत खाल्ला त्या दिवशी संध्याकाळपर्यंत त्रास झाला. आता दुकानाचं शटर अर्धं खाली ओढते आणि बसून चावते. गिऱ्हाईक थांबतं. पूर्वी मला वाटायचं थांबणार नाही.

जानेवारीत हुरूप आला आणि तीन वेळचं पॅकेज घेतलं, महिन्याचे ९,००० रुपये. त्याचा नियम असा की ४६ अंशांच्या वर काही तापवायचं नाही. चहासुद्धा नाही. सकाळी भिजवलेले बदाम, खजूर आणि फळ, दुपारी नेहमीचा डबा, रात्री किसलेलं गाजर-बीट-पत्ताकोबी, ओलं खोबरं, जवसाच्या चकत्या. पहिला आठवडा हलकं वाटलं. दुसऱ्या आठवड्यात पहाटे चारला भुकेनं जाग यायला लागली. नागपूरची जानेवारीची रात्र, पांघरुणात हातपाय गार, आणि डोळ्यांसमोर वाफाळती खिचडी. तिसऱ्या आठवड्यात घरात सगळ्यांवर चिडचिड सुरू झाली. मुलीने स्पष्ट सांगितलं की आई, हे बंद कर. वजन साडेतीन किलो उतरलं होतं, पण केस हातात येत होते. एकविसाव्या दिवशी सासूबाईंनी वरणभात वाढला आणि मी खाल्ला. राहिलेल्या नऊ दिवसांचे पैसे ताईंनी पुढच्या डब्यांत वळते केले, कुरकुर न करता.

डॉक्टरांना हे सांगितलं तेव्हा त्यांनी रागावण्याऐवजी समजावलं. सगळंच कच्चं चांगलं असं नसतं. क जीवनसत्त्व उकळून कमी होतं हे खरं, पण टमाटरातलं लायकोपीन शिजवल्यावर आणि तेलासोबत शरीराला जास्त मिळतं. बी-१२ वनस्पतींत नसतं, म्हणून दूध-दही सोडायचं तर गोळी घ्यावी लागेल. आमच्या ह्यांना दोनदा मुतखडा झालाय, तर त्यांनी कच्च्या पालकाच्या वाटेला जाऊ नये, त्यात ऑक्झॅलेट फार. हे पॅकेज विकताना आमच्याशी कोणी बोललं नव्हतं. ताईंबद्दल माझी मोठी तक्रार हीच आहे. माणसाला कोणता आजार आहे, कोणती औषधं चालू आहेत, हे विचारल्याशिवाय तीन वेळचं पॅकेज द्यायलाच नको. मी त्यांना तसं तोंडावर सांगितलं. आता त्या एक कागद भरून घेतात.

गांधीजींचंही हेच झालं होतं. सेवाग्राम आपल्यापासून पाऊणशे किलोमीटरवर. तिथे ते १९३६ मध्ये राहायला आले, त्याच्या सात वर्षं आधी, १९२९ मध्ये, त्यांनी न शिजवलेल्या अन्नाचा प्रयोग केला होता. मोड आलेलं धान्य वगैरे खाऊन पाहिलं, त्यावर लिहिलं, आणि पोट बिघडल्यावर थांबवलं. मला त्यातलं थांबवणं फार मोलाचं वाटतं. एवढा निग्रहाचा माणूस, पण शरीर नाही म्हणालं तर ऐकलं.

फेब्रुवारीत मी ताईंचं स्वयंपाकघर बघायला गेले. कोणीही या म्हणतात त्या. सकाळी सहाला पोहोचले तर कॉटन मार्केटमधून आणलेली भाजी ओट्यावर पसरलेली होती आणि तिघी जणी निवडत होत्या. पालेभाजी तीन वेगळ्या टोपल्यांत तीनदा वाहत्या पाण्याखाली, मग पंचावर पसरून कोरडी. चिरायला विळी. सुरीपेक्षा विळीवर पाला चुरगळत नाही, असं त्यातल्या मावशी म्हणाल्या. मोडाची फडकी रोज उकळून उन्हात टाकतात. राजमा घरात आणतच नाहीत, कारण कच्च्या राजम्यातलं विष नीट उकळल्याशिवाय जात नाही, आणि एखाद्या बाईनं चुकून भिजत घातला तर गोंधळ नको.

गच्चीवर जवसाच्या चकत्यांचं वाळवण होतं. जवस रात्रभर भिजवला की त्याला बुळबुळीत चिकटा सुटतो. त्यात जिरं, मीठ, भिवापुरी मिरचीचं तिखट कालवून प्लॅस्टिकवर पातळ थापायचं, वर मलमल. दुसरं काही बांधायला घालावं लागत नाही, तो चिकटाच सगळं धरून ठेवतो. दोन उन्हांत कुरकुरीत होतात. उन्हाळ्यात गच्चीवर सरगुंडे वाळत घालणाऱ्या आपल्या बायकांना हे शिकवायची गरजच नाही. या चकत्या त्या सुट्या विकतात, पाव किलो १८० रुपये. घरात एकदा आणा, मुलं चिप्ससारख्या खातात. फक्त नीट चावायला सांगा, अख्खा जवस तसाच पोटातून निघून जातो.

त्यांच्या कार्डावर ‘कच्चे काजू’ असं लिहिलं होतं, ते मला खटकलं. आम्ही कोकणात गेलो होतो तेव्हा काजूचा कारखाना पाहिला होता. काजूच्या टरफलात कातडी भाजणारं तेल असतं, म्हणून बी आधी वाफवतात किंवा भाजतात आणि मगच फोडतात. बाजारात मिळणारा काजू त्या अर्थानं कच्चा नसतोच. पोहेही तसेच, भात गरम पाण्यात भिजवून, भाजून, मग चेपलेले. गूळ तर उकळूनच होतो. ताईंना सांगितलं तर त्या म्हणाल्या, “काजूचं मला माहीत नव्हतं हो.” पुढच्या महिन्याच्या कार्डावरून तो शब्द गेला. कच्चं म्हणून पैसे घ्यायचे तर शब्द खरा हवा, आणि त्यांनी तो खरा केला.

एप्रिलच्या शेवटी मात्र मोठी चूक झाली. ४४ अंशांची दुपार, डबा मोटरसायकलच्या मागच्या पेटीत दीड तास फिरला. मधल्या कप्प्यातली मटकी हाताला चिकट लागली, आंबूस वास होता. एक घास तरीही खाल्ला, आणि दोन दिवस दुकान बंद राहिलं. मोडाला ऊब आणि ओल लागते, आणि जंतूंनाही नेमकं तेच लागतं. २०११ साली जर्मनीत मेथीच्या मोडांमधून जी साथ पसरली तिच्यात पन्नासहून जास्त माणसं गेली, तेव्हा ही साधी गोष्ट नाही. ताईंना फोन केला, त्यांनी वाद घातला नाही. दुसऱ्या दिवसापासून मोड बंद. त्याऐवजी दोन तास भिजवलेली मुगाची डाळ, कैरी, ओलं खोबरं, आणि डबा बर्फाच्या पेटीत. ते उन्हाळा लागतानाच करायला हवं होतं. मार्चपासूनच इथे मोड धरायचे नाहीत, हे नागपुरात डबा चालवणाऱ्यानं ओळखायला हवं. घरात गरोदर बाई, लहान मूल किंवा फार म्हातारं माणूस असेल तर मोड वाफवूनच द्या, हिवाळा असो की उन्हाळा.

मेमध्ये परत तपासणी केली. ५.८. डब्यानेच झालं असं मी म्हणणार नाही, कारण समोसे सुटले, गोड चहा दोनवर आला आणि रात्री फुटाळा तलावावर चालायला जाते. पण समोसे सुटले ते एक वाजता पोट भरतं म्हणून. रात्री घरात वरण, भात, भाजी, पोळी, सगळं शिजलेलं आणि गरम. शनिवारी कधी ह्यांच्यासाठी सावजी रस्साही होतो, आणि मीही खाते.

पावसाळ्याचं कार्ड कालच आलं. जुलै-ऑगस्टमध्ये कच्ची पालेभाजी देणार नाहीत, चिखल आणि अळ्यांमुळे. काकडी, गाजर, बीट, खोबरं, मुगाची डाळ आणि सोललेली फळं. घोळाना आता दिवाळीनंतरच. दर मात्र १४० केलाय. मी जूनचे पैसे भरले आणि सोबत एक अर्धा डबा वाढवून घेतला, सासूबाईंसाठी, ७० रुपयांचा. त्यांना दात कमी आहेत, म्हणून मोड वगळून बाकी सगळं किसून पाठवा असं सांगितलं आहे, आणि वेगळे पैसे न लावता ताई ते करून पाठवतात.